अख्खी वार

लग्नकार्यात नवा पाहुणा शेजारी बसला की पानं वाढेपर्यंत विचारतो, तुम्ही काय करत होता? मी सांगतो, वार कापायचो. मग तो विचारतो, कापडाचं दुकान होतं काय? एका गृहस्थांनी तर मला नऊवारीचा भाव विचारला होता. त्यांची तरी काय चूक? मराठीने या दोन अक्षरांना घाण्याला जुंपलंय. सोमवार-मंगळवारचा वार, तलवारीचा वार, कापडाचा वार, आणि मूल जन्मल्यावर मागून पडते ती वार. मी या शेवटच्या वारेचा माणूस. एवढं कळलं की पाहुणा घाईघाईने वाढप्याला हाक मारतो आणि आमचं बोलणं तिथंच थांबतं.

डहाणूच्या एका रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन होतो. रक्त, लघवी, थुंकी यांत उमर गेली. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना मुंबईहून एक संशोधनाचं काम आमच्याकडे आलं. डहाणू-तलासरी भागात बाळं इतकी लहान का जन्मतात, काही पोटातच का जातात, याचं उत्तर वारेत सापडतं का ते बघायचं होतं. कामाच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो. त्यांनी लॅबमधल्या चौघांना विचारलं, वारेचं काम कोण करेल? तिघांनी खाली बघितलं. मी नेमका खिडकीबाहेर बघत होतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. आठवडाभरात मी सगळ्या रुग्णालयाचा ‘वारवाले काका’ झालो. घरी बायकोने पहिले काही दिवस माझा डबा वेगळ्या पिशवीत ठेवला, मग तिलाही सवय झाली.

वार दिसायला कशी असते ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जाडजूड भाकरीएवढी, लालभडक, वजनाने अर्धा किलोच्या आसपास. आईकडची बाजू खडबडीत आणि बाळाकडची गुळगुळीत. त्या गुळगुळीत बाजूवर नाळेपासून रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या बारीक झुबक्यांतून अन्न आणि हवा पलीकडे जाते. आता आमचं काम होतं त्या झुबक्यांमधल्या जाळ्याचं. मॅडम त्याला पेशींबाहेरचं जाळं म्हणायच्या. कोलॅजन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन अशी प्रथिनांची नावं त्या घ्यायच्या. मला ते समजलं आमच्याकडच्या घरांवरून. तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर भिंत करताना आधी कारवीच्या काठ्या उभ्या करून बांधतात आणि मग वर शेणमाती लिंपतात. माती म्हणजे पेशी आणि कारवी म्हणजे हे जाळं. कारवी विरळ झाली तर भिंत बसते. गच्च झाली तर घरात वारा येत नाही. वारेत जाळं गच्च झालं की बाळाला अन्न पोचत नाही. ते आतल्या आत उपाशी राहतं.

हे बघायचं कसं? वार ताजी असतानाच तिचे तीन तुकडे काढायचे. ते औषधात मुरवायचे, मेणात बसवायचे, आणि मग त्या मेणाच्या वडीचे यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्यावर तरंगत ठेवून काचेवर अलगद उचलायचे. रोखून धरलेला श्वास तेव्हा सोडायचा नाही, नाहीतर काप उडून जातो. मग रंग. एका रंगात कोलॅजन निळं दिसतं. चांगल्या वारेत निळ्या रेघा नाजूक असतात, आजारी वारेत निळ्याचे लगदे असतात. काप वाचणं हे मॅडमचं काम, काढणं माझं. माझे काप सरळ यायचे, एवढा अभिमान मला म्हातारपणी मिरवू द्या.

बायकांची परवानगी घेणं मात्र या सगळ्याहून अवघड. मुंबईहून आलेल्या कागदावर वारेला लिहिलं होतं ‘अपरा’. आमच्या मीना सिस्टरने पहिल्या बाईला विचारलं, तुमची अपरा देणार का? ती म्हणाली, ती तर माहेरी गेलीय. बहुतेक अपर्णा नावाची कुणी नणंद असावी. मग आम्ही वार म्हणायला लागलो, तर दुसरी म्हणाली, आज बुधवार. झाईकडच्या गुजराती बोलणाऱ्या बाया ओर म्हणायच्या. झाईच्याच एका कोळणीला मी जाळ्याचं समजावून सांगत होतो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग फाटलेलं विणून पण देता काय? मी म्हटलं, नाही बाई, आम्ही फक्त बघतो. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला उगाच चहा प्यायला बाहेर जावंसं वाटलं.

या वारा गोळा करायला मी आसपासच्या दवाखान्यांतही जायचो. हातात बर्फाची पेटी. एसटीत कंडक्टर मासळी समजून मला मागे बसवायचे. एकदा गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर पोलिसाने पेटी उघडायला लावली. त्याला वाटलं दमणच्या दारूची बाटली आहे. मी म्हटलं, साहेब, उघडू नका. त्यावर त्याचा संशय पक्का झाला. झाकण उचलून त्याने आत बघितलं, परत लावलं, आणि पुढे कधीही मी दिसलो की तो दुसरीकडे तोंड करायचा. या गोष्टी मी हसत हसत सांगतो. सगळे हसतात. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा यातली एकही मनात नव्हती. मनात होती ती वनिताची वार.

वनिता तलासरीच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची वारली बाई. नवरा सुरेश उंबरगावच्या एका कंपनीत हेल्पर. आधीची दोन बाळंतपणं दवाखान्यातच झालेली. एक मूल पोटात गेलेलं, दुसरं जन्मून चार-दोन दिवसांत. या खेपेलाही ब्लडप्रेशर चढलेलं आणि पायांवर सूज. मीना सिस्टरने तिला विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. पण एक अट घातली. वार बघायला घ्या, पण मना परत द्या.

त्याला कारण होतं. तिची सासू पाड्यातली सुईण. त्यांच्यात वार घराजवळ पुरतात. वार घरच्या मातीत गेली की मूल त्या घरात रुजतं. आधीच्या दोन्ही वारा दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या होत्या, म्हणून मुलं टिकली नाहीत, असं सासू म्हणायची. आणि ती रागाने म्हणत नव्हती. तिला तसं खरंच वाटायचं. नियमाप्रमाणे दवाखान्यातून वार परत देता येत नव्हती. पण मॅडमनी वरच्या समितीशी भांडून, मागेल तिला उरलेली वार परत द्यायची, अशी मुभा मिळवलेली. मॅडमबद्दल मी कधी वाईट बोलत नाही ते अशा गोष्टींमुळे.

वनिताची मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. दोन्ही तळव्यांत मावेल एवढी, पण जिवंत. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. वनिता स्वतः औषधांच्या गुंगीत. मी वारेचं वजन केलं आणि नेहमीप्रमाणे तुकडे काढले. त्या वारेच्या काठाला एक पांढुरकी जागा होती, हाताला दगडासारखी लागणारी. तिथलं रक्त थांबून ती जागा मेली होती. उरलेली वार मी पळसाच्या पानांत बांधून सुरेशच्या हातात दिली. त्याला नीट सांगितलं, यातले तीन तुकडे आम्ही तपासणीला घेतलेत, घरी सांग. मीना सिस्टरनेही सांगितलं. तो मान डोलवत होता आणि जमिनीकडे बघत होता. पुडकं पिशवीत टाकून तो तलासरीच्या बसला गेला.

पुढे मॅडमनी काप बघितले. निळ्याचे नुसते लगदे. मॅडम भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या, यातलं बाळ जगलं असेल तर नवलच. मग त्यांनी त्यांची टिपणं केली. आमच्या कामात काचेवर नाव नसतं, आकडा असतो; कोणता आकडा कोणाचा ते फक्त माझ्या वहीत. कोणाची वार ते बघणाऱ्याला कळू नये असा नियम, आणि नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे होतं काय, की काचेवरचं मुंबईला कळतं, परदेशातल्या परिषदेला कळतं, फक्त जिच्या पोटातलं आहे तिला कळत नाही. मॅडमनाही हे खुपायचं. पुढच्या कामात बायकांना निकाल सांगण्याची सोय करू, असं त्या म्हणायच्या. पण पुढचं काम आलंच नाही. हे आटोपलं, काचा मुंबईला गेल्या आणि मी निवृत्त झालो.

यंदा पावसाळा सरता सरता दुपारी दारात एक बाई उभी. बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी, लुकडी, मोठ्या डोळ्यांची. मी ओळखलं नाही. बाईच म्हणाली, काका, मी वनिता, ही रोशनी, जी पेटीत होती. मला एवढा आनंद झाला की मी बायकोला चहाऐवजी जेवणच वाढायला सांगितलं. ती जेवली नाही. चहाचा कप हातात धरून बसली.

तिने जे सांगितलं ते असं. सुरेशने पुडकं घरी नेलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. तुकड्यांचं तो बोललाच नाही. त्यांच्यात पुरुष वारेला हात लावत नाहीत, आईपुढे तर तो शब्दही काढत नाहीत. पुडकं नेतानाच तो मेल्याहून मेला झाला होता. आम्ही दोघांनी सांगितलं, नीट सांगितलं, पण सांगितलं नेमकं त्या घरातल्या अशा माणसाला, की ज्याला ते तोंडावाटे काढता येणार नव्हतं. सासूने पानं उघडली. सुईण वार आधी उलटीपालटी करून बघते. अख्खी आहे ना, तुकडा बाळंतिणीच्या पोटात तर राहिला नाही ना, हे बघणं हे तिचं पहिलं काम. हिला तीन जागा रिकाम्या दिसल्या. फाटलेल्या नव्हत्या, पात्याने कापल्यासारख्या सरळ होत्या. आणि काठाला ती दगडासारखी जागा.

वारेचा तुकडा करणीला वापरतात, असा तिकडे समज आहे. म्हातारीने ताळा जुळवला. दोन मुलं गेली, तिसरं जगवायला सुनेने वारेचे तुकडे कोणाला तरी विकले, कोणीतरी ते मंतरले. वनिता पोरीला घेऊन पुष्कळ दिवसांनी घरी आली, तेव्हा पोरगी जगलेली बघून म्हातारीची खात्रीच पटली. त्याच वर्षी म्हातारीचा धाकटा मुलगा हायवेवर ट्रकखाली गेला. मग तर काही बोलायलाच उरलं नाही. या पोरीच्या जिवाच्या बदल्यात माझा पोर गेला, असं म्हातारीने मनात धरलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. फक्त ती त्या पोरीला शिवत नव्हती. नाव घेऊन हाक मारत नव्हती. पोरगी ओट्यावर आली की ती ओट्यावरून उठायची.

आणि वनिताला हे कशामुळे, ते कळतच नव्हतं. तिला वाटायचं, मुलगी झाली म्हणून असेल, धाकटा गेला त्या दुःखाने असेल. वार कापलीय हे तिलाही माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाली होती बघायला घेतो. बघायला म्हणजे बघायला. गेल्या आठवड्यात नव्या भाताचं जेवण होतं. सगळ्या पोरांना म्हातारीने आपल्या हाताने वाढलं आणि रोशनीचं पान राहिलं. तेव्हा सुरेशचा बांध फुटला आणि तो आईला म्हणाला, ती वार दवाखान्यात कापलीय, हिने नाही. इतक्या वर्षांनी बोलल्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हातारी म्हणाली, बायकोला झाकतोस.

कप खाली ठेवून वनिता मला म्हणाली, “काका, माझी वार तुमी कापलेली. ती माझे सासूला येऊन सांगा. मना दुसरा काय नको.”

मी त्या संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काचा परत मिळणार नाहीत, म्हणाल्या, काम संपलं तेव्हाच सगळं नियमाने नष्ट केलं. मग म्हणाल्या, त्या वारेत काय होतं ते सांगा तिला, माझ्या नावाने सांगा, तिचं ते आहे. म्हणजे मी जाणार तो मोकळ्या हातांनी. दाखवायला काच नाही, मेणाची वडी नाही. बायको म्हणाली, तुम्हाला म्हातारी काठीने बडवेल. मी म्हटलं, बडवू दे.

तलासरीपर्यंत एसटी, पुढे शेअर रिक्षा, मग भाताच्या बांधांवरून चालत. सुरेश वाटेवर घ्यायला आलेला. म्हातारी ओट्यावर नाचणी पाखडत होती. सुरेशने माझी ओळख करून दिली. तिने सूप बाजूला ठेवलं नाही. मी बोलायला सुरुवात केली. आजी, मी दवाखान्यातला, तुमच्या सुनेची वार मी कापली, आजार शोधायला कापली. ती पाखडतच राहिली. दाण्यांच्या आवाजात माझे शब्द मलाच खोटे वाटायला लागले. शिकवून आणलेला माणूस असाच बोलला असता.

मग तिने सूप थांबवलं आणि एकच विचारलं. “कापली ना? मग कुठं कुठं कापली, ती सांग.”

मी ओट्याखाली उतरलो, अंगणातल्या मातीत बोटाने एक वाटोळं काढलं. मधे नाळ. आमची कामाची पद्धत ठरलेली होती, सगळ्या वारांना एकच. एक तुकडा नाळेच्या शेजारचा, एक मधला, एक काठाजवळचा, तिन्ही एका रेषेत. मी तीन चौकोन काढले. हात आपोआप चालला. मग काठाला, त्या तिन्हींपासून दूर, मी एक ठिपका काढला आणि म्हटलं, इथं ती दगडासारखी जागा होती, ती मी कापलेली नाही.

म्हातारी ओट्याच्या कडेला आली आणि वाकून त्या वाटोळ्याकडे बघत राहिली. तिने ती वार एकदाच बघितलेली, पण सुईण होती ती. मला जितकी माझी पद्धत पाठ, तितकी तिला ती वार पाठ. तिने माझा ठिपका हाताने पुसला आणि थोडा बाजूला काढला. म्हणाली, इथं होती. तिचंच बरोबर असणार.

मी सांगितलं, ती कोणाची करणी नाही. ब्लडप्रेशरने वारेतलं जाळं गच्च होतं, जागा मरते, बाळाला अन्न मिळत नाही. आधीची दोन त्यानेच गेली असणार. ही त्यातून वाचली. वार पुरली असती तरी ती दोन गेलीच असती, आणि हिची वार अख्खी पुरली असती तरी ही अशीच लुकडी झाली असती. वनिताने काही विकलं नाही, काही वेडंवाकडं खाल्लं नाही, तिच्या हातून काही चुकलं नाही. हे सगळं मी एका दमात बोललो. खरं सांगतो, एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागायला नको होती. मॅडमचा नियम, माझी नोकरी, सुरेशची लाज, प्रत्येकाला आपापलं कारण होतं आणि सगळी कारणं धडधाकट होती.

वनिता दाराच्या आत उभी होती, चेहरा दिसत नव्हता. मग म्हातारीने सुरेशला विचारलं, “मग माझा पोर कशानी गेला?”

“ट्रकनी, आया,” सुरेश म्हणाला.

तेवढ्यानेच ती खाली बसली. रडली नाही. हाताने मातीवर नुसती थापटत राहिली. इतकी वर्षं तिच्याकडे त्या मरणाचं काहीतरी कारण होतं, कोणावर तरी ठेवलेलं, आणि मी ते येऊन काढून घेतलं. मी आलो होतो फक्त वनिताला न्याय द्यायला.

थोड्या वेळाने रोशनी शाळेतून आली. म्हातारीला अंगणात बसलेलं बघून ती सवयीने बाहेरच थांबली. म्हातारीने तिला पहिल्यांदाच नाव घेऊन हाक मारली. पोरगी आईकडे बघायला लागली. वनिता म्हणाली, जा.

“पाड्यातली सगळी पोरा या पायांवर न्हाणली मी,” म्हातारी मला म्हणाली. “ही तेवढी राहिली.”

असं म्हणून तिने मातीत दोन्ही पाय लांब केले, सुईण तान्ह्याला न्हाऊ घालायला बसते तसे. रोशनी आली आणि शाळेतल्या बाकावर बसावं तशी दप्तरासकट त्या पायांवर नीट ताठ बसली. तिचे पाय जमिनीला टेकले होते. म्हातारीने दोन्ही हात पुढे केले, पण एवढ्या मोठ्या पोरीला कुठून धरायचं ते तिला समजेना.